फिरत्या तबकडीवरचं अॅनिमेशन: चित्राआधी भागाकार

रेकॉर्ड प्लेअरवर कागदाची छापील तबकडी ठेवायची, वरून कॅमेरा लावायचा आणि प्लेअर सुरू करायचा. नुसत्या डोळ्यांना रंगांचा भोवरा दिसतो. व्हिडिओत मात्र तबकडीवरचे चेंडू उड्या मारतात, पानं उघडतात, मासे शेपट्या हलवतात. युक्ती जुनी आहे. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लॅटो यांनी १८३२ साली फेनाकिस्टोस्कोप केला. त्याच सुमारास व्हिएन्नात सायमन श्टाम्फर यांनीही स्वतंत्रपणे तशीच चकती बनवली. त्या चकतीला फटी असत आणि ती आरशासमोर फिरवून फटींतून प्रतिबिंब बघावं लागे. आता फटीचं काम कॅमेऱ्याचं शटर करतं.

स्वतःसाठी करायच्या प्रयोगांत हा मला सर्वांत आवडतो, कारण इथे चित्र कसं असावं हे बरंचसं आकडे ठरवतात. बहुतेकांची तबकडी फसते ती चित्रकला कमी पडते म्हणून नव्हे. आधी चित्रं काढून नंतर ती वर्तुळात बसवायला गेल्यामुळे फसते. भागाकार आधी करायचा.

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग म्हणजे सेकंदाला २०० अंश. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर असेल तर दोन फ्रेमच्या मधे तबकडी बरोबर ८ अंश फिरते. ३६० भागिले ८, म्हणजे ४५ घरं, दर घरात एक चित्र. प्रत्येक फ्रेमला पुढचं घर आधीच्या घराच्या जागी येऊन बसतं, म्हणून चित्र जागचं हलत नाही, फक्त त्याची मुद्रा बदलते. ३० फ्रेमवर हीच घरं ५४ होतात. २४ फ्रेमवर उत्तर ४३.२ येतं, म्हणजे जमत नाही. प्लेअर ४५ फेऱ्यांवर ठेवला तर सेकंदाला २७० अंश होतात. मग २४ फ्रेमना ३२ घरं, ३० फ्रेमना ४० घरं, आणि २५ फ्रेमना ३३.३३, म्हणजे पुन्हा नाही.

सुरुवातीला ३३⅓ आणि २५ हीच जोडी घ्यावी. हा लूप जीआयएफ, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारी चित्रफाइल, म्हणून ठेवायचा तर तीत प्रत्येक फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत साठवला जातो. २५ फ्रेमना तो नेमका ४ येतो, ३० ला ३.३३ आणि तो पूर्णांकात बसत नाही. शिवाय एक फेरी १.८ सेकंदांची, बरोबर ४५ फ्रेमची होते. व्हिडिओतून सलग ४५ फ्रेम कापल्या की लूप तयार. ४६वी फ्रेम घेतली तर पहिलीच चौकट दोनदा येते आणि दर फेरीला एक ठेच लागते.

आता ४५ला भाग कशाने जातो ते बघा: ३, ५, ९, १५. हालचालीचं आवर्तन यांपैकीच एका संख्येचं असावं, किंवा सलग ४५ चित्रांचं. ९ चित्रांचं आवर्तन ०.३६ सेकंदात संपतं. पंख फडफडवायला ते ठीक, उडीला फार घाईचं. १५ चित्रं म्हणजे ०.६ सेकंद, उडीसाठी उत्तम. चालणाऱ्या माणसाला १५ चित्रांत एकच पाऊल मिळतं. दोन पावलांना ३० लागतात आणि ३०ने ४५ला भाग जात नाही. म्हणून माणूस एकरंगी छायाकृतीत काढायचा. डावा पाय कुठला, उजवा कुठला हे कळत नाही आणि एकच पाऊल दोन्हींचं काम भागवतं.

चेंडूची उडी हा चांगला पहिला प्रयोग. तबकडी ३० सेंमी व्यासाची. जमिनीची रेषा केंद्रापासून ११.५ सेंमीवर, उडी बाहेरच्या दिशेने २० मिमी. तिथे एका घराची रुंदी साधारण १६ मिमी भरते, म्हणून चेंडू ९ मिमीचा. पहिलं चित्र जमिनीला टेकलेलं, पुढच्या सातांत चेंडूच्या खालच्या कडेची उंची अशी: ५, ९.२, १२.८, १५.६, १७.८, १९.२, १९.९ मिमी. मग तेच आकडे उलट क्रमाने. वर गेल्यावर अंतरं आवळत जातात, म्हणून चेंडू क्षणभर तरंगल्यासारखा वाटतो. उंचीचे सारखे भाग पाडले तर तो दोरीने ओढल्यासारखा वरखाली होतो. टेकलेला चेंडू चपटा हवा, पण त्याचं क्षेत्रफळ राखून: ७ मिमी उंच, ११.५ रुंद. नुसता दाबून बारीक केला तर हवा गेलेला दिसतो.

क्रमाकडे नीट लक्ष द्या. प्लेअर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे एखाद्या जागी पुढे येणारं घर काट्यांच्या उलट बाजूचं असतं. चित्रांचे क्रमांक त्यामुळे काट्यांच्या उलट दिशेने टाकायचे. चेंडूत ही चूक कळतच नाही, कारण त्याची उडी दोन्हीकडून सारखी आहे. चालणारा माणूस मात्र मागे चालू लागतो. छापून झालं असेल तर व्हिडिओ उलटा चालवायचा, काम भागतं.

हाताने आखत असाल तर एका घरापासून पुढचं घर मोजत जाऊ नका, चूक साचत जाते. आधी ४० अंशांचे ९ भाग, मग प्रत्येकाचे ५. सगळी मापं एकाच शून्यरेषेपासून. कडेजवळ अर्ध्या अंशाची चूक सव्वा मिलिमीटर होते आणि चित्र थरथरतं. हाताने काढलेली रेषा दर चित्रात जराशी बदलली तर तिच्यात जीव येतो. जागा बदलली तर ती नुसती चूक दिसते.

छापण्याआधी संगणकावर चाचणी घ्याच. २५ फ्रेमची ४५ फ्रेम लांब फाइल करून पूर्ण तबकडी दर फ्रेमला ८ अंश काट्यांच्या दिशेने फिरवा. शेवटची फ्रेम ३५२ अंशांवर थांबली पाहिजे, ३६० वर नाही. इथे जे अडखळतं ते प्लेअरवरही अडखळणार.

कागद जाडसर आणि मॅट हवा. चकचकीत कागदावर दिव्याचा एक पांढरा डाग सतत दिसत राहतो. मधलं भोक प्लेअरच्या खुंटीवर घट्ट बसलं पाहिजे. केंद्र १ मिमी सरकलं तर सगळं चित्र दर १.८ सेकंदांनी २ मिमी डुलतं. खाली एखादी जुनी रेकॉर्ड ठेवली की कागद सपाट राहतो. सुई झाकून आर्म अडकवून ठेवा.

चित्रीकरणात शटर हीच कळीची गोष्ट. केंद्रापासून १४ सेंमीवर कागद सेकंदाला सुमारे ४९ सेंमी धावतो. १/५० सेकंदाच्या शटरला तो जवळपास १ सेंमी सरकतो आणि चित्राचा लगदा होतो. १/१००० ला अर्धा मिलिमीटर, म्हणजे चालण्यासारखं. तरी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेषा पुसट होणारच, म्हणून भरीव आकार आणि ठळक रंगभेद ठेवावा. एवढ्या वेगाच्या शटरला उजेड भरपूर लागतो. खिडकीतला दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. ५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि या शटरला त्याचे आडवे पट्टे दिसतात.

फोन वापरत असाल तर फ्रेमचा वेग आणि शटर दोन्ही कुलूपबंद करणारं अॅप घ्या. उजेड कमी पडला की बरेच फोन आपोआप फ्रेम कमी करतात, आणि आकडे कितीही बरोबर असले तरी चित्रं उड्या मारतात. संकलनाची टाइमलाइनही २५चीच हवी. ३०च्या टाइमलाइनवर टाकलं की काही फ्रेम दोनदा येतात. काही कॅमेऱ्यांचं ३० हे खरं २९.९७ असतं. तेव्हा ५४ घरांची तबकडी सेकंदाला सुमारे ०.२ अंश पुढे सरकत राहते. प्लेअरला वेगाची पट्टी असेल तर तो किंचित मंद करून हे थांबतं. तबकडी फिरवणारा पट्टा जुना होऊन घसरत असेल तर सरकणं कधी कमी कधी जास्त होतं, आणि त्यावर पट्टा बदलणं हाच उपाय. कॅमेरा तिरका असला तरी हालचाल बिघडत नाही, फक्त वर्तुळ लंबगोल दिसतं.

हे सरकणं मुद्दाम वापरता येतं, आणि माझ्या मते या प्रकारातली खरी गंमत तिथेच आहे. एका कड्यात ४५ ऐवजी ४६ चित्रं बसवली तर ते कडं तबकडीच्या दिशेने हळूहळू सरकतं आणि एका फेरीत एक घर पुढे जातं. ४४ बसवली तर तेवढंच मागे. बाहेर ४६ ढग, मधे जागच्या जागी चालणारी ४५ माणसं, आत ४४ दगड. एकाच कागदावर तीन वेग मिळतात, आणि एका फेरीनंतर सगळं मूळ जागी आल्यामुळे लूपही तुटत नाही. आतल्या कड्याला साधे आकार द्या. केंद्रापासून ५ सेंमीवर एका घराला जेमतेम ७ मिमी मिळतात.

मोठी, मोकळी चित्रं हवी असतील तर ४५ फेऱ्या आणि ३० फ्रेम घ्या, पण घरं ४० ऐवजी २० आखा आणि संकलनात एकाआड एक फ्रेम काढून टाका. बाहेरच्या कड्यावर प्रत्येक घराला चांगले ४ सेंमी मिळतात. फ्रेम काढायला विसरलात तर तबकडी दर फ्रेमला अर्धंच घर सरकते आणि दोन चित्रं एकमेकांवर लुकलुकतात.

कॅमेऱ्याशिवाय, समोर बसलेल्यांना दाखवायचं असेल तर अंधारात सेकंदाला २५ वेळा चमकणारा स्ट्रोब दिवा लागतो. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना अशा लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो, म्हणून दिवा लावण्याआधी दाराशीच तशी पाटी लावा आणि तोंडी विचारून घ्या.