बाबांच्या टेपा, सहा डिस्का आणि धारवाडची आत्या

२०१९ च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याचं पाणी बेळगावच्या वडगावातल्या आमच्या दुकानात गुडघाभर आलं तेव्हा खालच्या फळीवरच्या दोन पेट्या गेल्या. बाबांचा फोटो स्टुडिओ, लग्नाचं शूटिंग, सगळं मिनीडीव्ही टेपांवर. पाण्याचं एक असो, पण टेपांत चिखल गेला की संपलंच. बाबा काय बोलले नाहीत, नुसतं कव्हरवरची नावं वाचत बसले, कुणाचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं ते सगळं तोंडपाठ त्यांना.

उरलेल्या टेपा मोजलो तर ३१२. एक तासाच्या टेपेला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे ४ टीबी हेच झालं, वर फोटो आणि निगेटिव्हचे स्कॅन वेगळे. आणि टेप कॉपी करायला शॉर्टकट नाही बरं का, तासाची टेप म्हणजे तासभर कॅमेरा चालवायचा, फायरवायर नावाच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडून. रोज रात्री जेवण झालं की एक टेप लावायची आणि भांडी घासायची, असं वर्षभर चाललं आमच्यात.

आता ठेवायचं कुठं? एका ऑफिसनं काढून टाकलेला जुना पीसी घेतलो, त्यात ८ डिस्का जोडता येतात असं एक सेकंडहँड एचबीए कार्ड घातलो (हे कार्ड लई तापतंय, मी त्याच्यावर छोटा फॅन दोऱ्यानं बांधून ठेवलोय, हसू नका), ४-४ टीबीच्या सहा डिस्का आणि वर ट्रूनास, म्हणजे पीसीचं फाईली ठेवायचं मशीन करणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या झेडएफएसचं (डिस्कांवर फाईली मांडून ठेवायची पद्धत) रेडझेड-२ केलो म्हणजे सहातल्या कुठल्याही दोन मेल्या तरी डेटा राहतो, जागा मात्र चारचीच मिळते. ती पण १६ टीबी म्हणून हिशेब केलेली, कॉम्प्युटर दाखवतोय साडेचौदा, कारण कंपनी हजारानं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ नं. बाबा म्हणाले, "दूधवाल्यासारखं माप मारतात की रे हे!"

खरा फटका डिस्क घेताना बसला. स्वस्त मिळाली म्हणून एक डिस्क बिनचौकशी घेतलो आणि ती निघाली एसएमआर. एसएमआर म्हणजे काय, तर आपली कौलं असतात ना, एकावर एक चढवलेली, तशा डिस्कवरच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवतात म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं झालं तर वरची ओळ हलवावी लागते की नाही, तसंच तिथं. साधं वापरताना कळत पण नाही. पण रेडमधली, म्हणजे ह्या सहाच्या जोडणीतली, एक डिस्क गेली आणि हिला तिच्या जागी बसवून रिबिल्ड लावलो, म्हणजे बाकीच्यांवरनं तिचा डेटा परत भरायला, तर आठवडाभर आकडा मुंगीच्या पायानं सरकतोय आणि मी रोज सकाळी चहाच्या आधी टक्के बघतोय. तेव्हा घेताना सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली, आहे की नाही ते विचारा, दुकानदार "सगळं एकच असतंय" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जावा.

पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही म्हणून यूपीएस तर पाहिजेच, तो यूएसबीनं जोडलाय, बॅटरी उतरत आली की मशीन आपणच नीट बंद होतं. महिन्याला एकदा स्क्रब, म्हणजे प्रत्येक ब्लॉक वाचून त्याचा चेकसम (डेटा बिघडला की नाही ते सांगणारा आकडा) जुळतोय का ते बघणं. एकदा भावानं जागा करतो म्हणून अख्खा फोल्डर उडवला. रेड काय करणार, सांगितलेलं ऐकलं, सहाही डिस्कांवरनं पुसलं. स्नॅपशॉट, म्हणजे आधीच्या वेळेला सगळं जसं होतं तसं धरून ठेवलेलं, होता म्हणून वाचलो.

आणि हे सगळं एकाच घरात, एकाच नाल्याच्या काठाला! तीन कॉपी, दोन प्रकारच्या मीडियावर, एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरमुळंच गाजला, म्हणजे बाबांच्याच धंद्यातला माणूस. ताई कोल्हापुरात असते, तिच्याकडं ठेवायचं जवळजवळ ठरलेलं, मग आठवलं की २०१९ ला आमच्याकडं पाणी होतं तेव्हाच तिकडं पंचगंगा चढलेली आणि हायवे बंद. दोघं एकदमच बुडायचे असतील तर उपयोग काय? म्हणून धारवाडची आत्या. ८ टीबीच्या दोन एक्स्टर्नल डिस्का आहेत, एक इथं, एक तिथं, दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल, इथं आणलेलीवर नवीन स्नॅपशॉट तेवढे पाठवायचे. डिस्कला कुलूप आहे, पासवर्ड आत्याला माहीत नाही, तिला नको पण आहे. आणलेल्या डिस्कवरची एखादी टेप लावून बघतो, उघडत नसली तर ती कॉपी कसली.

पहिल्यांदा दिलो तेव्हा आत्या म्हणाली, "काय आणलास रे हे, बॉम्ब हाय काय?" म्हटलं, तुझ्या लग्नाची टेप आहे ह्यात. तेव्हापासनं ती कपाटाच्या लॉकरात, पाटल्यांशेजारी, जुन्या इरकल साडीच्या तुकड्यात गुंडाळून असते. दसऱ्यानंतर बदलायला गेलो तर डिस्कवर हळदकुंकू, खंडेनवमीला पूजा केली म्हणे. मी आधी यूएसबीचं भोक फुंकून बघितलो.