नव्वद ली म्हणजे अर्धी वाट

हजार मैलांचा प्रवास पहिल्या पावलाने सुरू होतो, हे वाक्य आपल्याकडे कचेऱ्यांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर आणि नववर्षाच्या शुभेच्छांमध्ये इतक्या वेळा भेटते की ते चिनी आहे हेही पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. मूळ ओळ ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथाच्या 64व्या प्रकरणात आहे आणि तिथे मैलांच्या जागी ‘ली’ आहेत. आजचा ली अर्ध्या किलोमीटरचा, प्राचीन काळचा त्याहून काहीसा कमी. भिंतीवर मात्र ही ओळ एकटीच टांगली जाते. त्याच प्रकरणात थोडे पुढे म्हटले आहे की लोक हाती घेतलेले काम बहुधा ते पुरे होत आले असतानाच बिघडवतात, म्हणून शेवटीही आरंभाइतकीच काळजी घ्यावी. हा भाग कोणी टांगत नाही.

चार अक्षरांत अख्खी गोष्ट मावणाऱ्या चिनी म्हणींना ‘छंग-यू’ म्हणतात. प्रवासाविषयीच्या छंग-यू आणि त्यांच्या आसपासची वचने वाचताना माझे मत असे होत गेले की निघण्याच्या उत्साहाचे या परंपरेला फारसे कौतुक नाही. तिचे लक्ष दिशेवर, शिदोरीवर, शेवटच्या टप्प्यावर आणि परतीच्या वाटेवर असते. याचे कारणही उघड आहे. ही वचने ज्यांच्या तोंडी घडली ते मौजेसाठी हिंडणारे नव्हते. सैन्याबरोबर, राजाच्या कामासाठी किंवा हद्दपारीत ते वाट तुडवत होते.

इसवी सनापूर्वीच्या ‘युद्धरत राज्यां’च्या काळातल्या राजकारणी सल्ल्यांचा एक प्राचीन संग्रह आहे. त्यात छिन राज्याच्या राजाला, विजय मिळत असल्याने तो गाफील होऊ नये म्हणून, एका जुन्या काव्यातली ओळ ऐकवली जाते: शंभर ली चालणाऱ्याने नव्वद ली म्हणजे अर्धी वाट समजावी. ज्यांनी दमलेल्या पायांनी एखादा घाट उतरला आहे त्यांना हे गणित समजावून द्यावे लागत नाही.

याच संग्रहातली माझी सर्वांत आवडती गोष्ट चि ल्यांग याची आहे. वेइ राज्याचा राजा हानदान या शहरावर स्वारी करणार असल्याचे त्याला प्रवासात कळले, तेव्हा तो अर्ध्या वाटेतून माघारी फिरला आणि कपड्यांच्या सुरकुत्या न काढता, डोक्यावरची धूळही न झटकता, थेट राजासमोर जाऊन उभा राहिला. त्याने सांगितले की येताना एक माणूस भेटला. रथ उत्तरेकडे हाकत होता आणि म्हणत होता की मी छू राज्यात चाललो आहे. छू तर दक्षिणेला. असे विचारताच तो म्हणाला, माझे घोडे उत्तम आहेत. मग म्हणाला, वाटखर्चाला पैसा भरपूर आहे. मग म्हणाला, सारथी कसलेला आहे. चि ल्यांगचे म्हणणे असे की या तिन्ही गोष्टी जितक्या चांगल्या, तितके छू राज्य अधिक दूर जाणार. राजाला सर्वांचा विश्वास मिळवायचा आहे आणि त्यासाठी तो शेजाऱ्याचे शहर जिंकायला निघाला आहे, हा त्यातला टोला. पुढे या गोष्टीची चार अक्षरे झाली: रथाच्या दांड्या दक्षिणेला, चाकोरी उत्तरेला. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती सांगणाऱ्याची धूळ. दिशा चुकलेल्याची गोष्ट सांगायला तो स्वतःचा प्रवास मोडून आला आहे, आणि राजाला सल्लाही तोच आहे की फीर मागे.

हानदानचे नाव दुसऱ्या एका म्हणीतही आहे. तिथल्या लोकांची चाल डौलदार म्हणून येन राज्यातला एक तरुण ती शिकायला गेला. नवी चाल जमली नाही, जुनी विसरला आणि शेवटी रांगत घरी परतला. ही गोष्ट च्वांग त्सु या प्राचीन ताओवादी विचारवंताच्या ग्रंथातली. त्याच ग्रंथात व्यवहाराचेही बोलणे आहे: शंभर लींवर जाणाऱ्याने आदल्या रात्री धान्य कांडून ठेवावे, हजार लींवर जाणाऱ्याने तीन महिने शिधा जमवावा. हजार लींविषयीचे हे वाक्य कचेरीच्या भिंतीवर लावण्याजोगे खास नाही, पण प्रवासाला निघणाऱ्याच्या कामाचे आहे.

परतीच्या वाटेची म्हण म्हणजे ‘म्हाताऱ्या घोड्याला वाट ठाऊक’. इ.स.पूर्व सातव्या शतकात छी राज्याचा अधिपती ह्वान उत्तरेकडच्या मोहिमेवर वसंतात गेला आणि हिवाळ्यात परतताना सैन्य वाट चुकले. ओळखीच्या खुणा ऋतूबरोबर पालटल्या असणार. त्याचा मंत्री क्वान चुंग याने म्हातारे घोडे मोकळे सोडले आणि सैन्य त्यांच्या मागून चालत बाहेर पडले.

‘येलांगला आपले थोरपण वाटते’ या म्हणीत तर भारताचा हात आहे. चांग छ्यान हा हान साम्राज्याचा दूत बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, पोहोचला तेव्हा त्याला तिथे नैर्ऋत्य चीनमधले बांबूचे दंड आणि कापड दिसले. हा माल व्यापाऱ्यांनी भारतातून आणल्याचे कळले. त्यावरून त्याने सम्राट वू याला सुचवले की आपल्या नैर्ऋत्येकडून भारताकडे जाणारी वाट असली पाहिजे. ती शोधायला धाडलेले दूत डोंगराळ प्रदेशातच अडकले, भारतापर्यंत कोणी पोहोचले नाही; पण वाटेतल्या त्येन राज्याच्या राजाने त्यांना विचारले, हानचे राज्य मोठे की माझे? येलांग या दुसऱ्या राज्याच्या राजानेही तेच विचारले. इतिहासकार स-मा छ्येन याने कारणही नोंदवले आहे: रस्ते नव्हते, म्हणून बाहेरचे जग किती मोठे हे त्यांना माहीत नव्हते. प्रश्न आधी विचारला त्येनच्या राजाने, बदनाम मात्र कायमचा येलांग झाला, हा अन्यायच म्हणायचा.

‘ग्रंथ आणणे’ हा चिनी वाक्प्रचारही आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. ह्युएन त्सांग दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. 645 साली तो चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, छांगआनला, परतला तेव्हा त्याच्याबरोबर 657 ग्रंथ होते. परतताना सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या पाण्यात गेल्या, तेव्हा त्यांच्या नव्या प्रती मिळवायला त्याने माणसे पाठवली. त्याच्यासारख्या भिक्षूंच्या या भारतयात्रांवरून आलेला तो शब्द आज अगदी साध्या कामाला वापरतात: एका शहराचे अधिकारी दुसऱ्या शहराची वाहतूकव्यवस्था पाहायला गेले, किंवा एका कारखान्याची माणसे दुसऱ्या कारखान्यात काही शिकायला गेली, तरी ती ‘ग्रंथ आणायला’ गेली असेच म्हणतात.