दर्या नसलेला स्वर्ग

2 नोव्हेंबर

धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं स्वर्गाबद्दल जे विचारतात ते फादरांना विचारायची मोठ्यांची छाती होणार नाही. थंय कुत्र्यांका घेतत काय? म्हातारपणी मेलेला वर म्हाताराच राहतो काय? सहावीतल्या एकाने तर गेल्या खेपेला सरळच टाकलं, "टीचर, वर जाऊन मगे करूचा काय?" मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं: देवाचं दर्शन, अखंड स्तुती, सार्वकालिक आनंद. चर्चमधली सकाळची मिस्सा आज रात्रीपर्यंत चालणार आहे असं सांगितल्यासारखं त्याचं तोंड झालं.

आज मृतांचा दिवस. संध्याकाळी सगळी दफनभूमीत होती. गवत काढलेल्या कबरी, शेवंती, झेंडू, मेणबत्त्या, आणि वाऱ्याने विझलेल्या मेणबत्त्या पुन्हा पेटवण्यावरून पोरांची भांडणं. परत आले तर शेजारच्या वैनी पडवीत बसलेल्या. त्यांनाही आजच प्रश्न पडायचा होता. "आमच्यात म्हाळाक वाडी दाखवतो, कावळो शिवलो की जीवाक बरा वाटता. तुमच्यात कावळो नाय, परत जल्मय नाय. मगे गेलेला माणूस थंय बसान करता काय?"

म्हणजे सहावीतला पोर आणि साठीतल्या वैनी एकाच ठिकाणी येऊन थांबलेली. जेवणं आटोपल्यावर बायबल काढलं आणि त्यातलं शेवटचं पुस्तक, योहानाने लिहिलेलं प्रकटीकरण, त्याचे शेवटचे दोन अध्याय पुन्हा वाचले.

योहानाला दिसलेलं स्वर्गीय नगर, नवं यरुशलेम, अवाढव्य आहे. बारा वेशी, प्रत्येक वेस एका अख्ख्या मोत्याची, रस्ता सोन्याचा पण काचेसारखा आरपार दिसणारा. लांबी बारा हजार स्टेडिया, म्हणजे साधारण 2,200 किलोमीटर. मालवणातून नाकासमोर उत्तरेला निघालं तर श्रीनगर मागे पडेल तरी नगर संपत नाही. रुंदी तेवढीच. आणि उंचीही तेवढीच! मला पूर्वी हे वाचून हसू यायचं, एवढ्या उंच नगरात माणसं जिने चढणार की काय. पण शलमोन राजाच्या मंदिरातली सगळ्यात आतली खोली, परमपवित्रस्थान, अशीच होती: वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच. तिथे महायाजक वर्षातून एकदाच जायचा, बाकी कुणी नाही. योहान सांगतोय की आता अख्खं नगरच ती आतली खोली आहे, आणि वेशी कधी बंद होत नाहीत. त्या नगरात देऊळ नाही ते त्यामुळेच. देवळाच्या आत देऊळ कोण बांधतं?

आणि ते नगर खाली येतं. हे किती वेळा वाचलं असेन, पण डोक्यात कायम वर जाण्याचंच चित्र. ढग, शिडी, किल्ल्यांचा जुडगा घेतलेला संत पेत्र. इथे तर माणसं वर जात नाहीत, नगर आकाशातून उतरतं आणि वाणी होते की देवाची वस्ती आता माणसांमध्ये आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1999 च्या जुलैत एका बुधवारच्या भेटीत हेच वेगळ्या वाटेने सांगितलं होतं: स्वर्ग ही ढगांमधली जागा नव्हे, ते देवाशी जिवंत नातं आहे. वैनींना मात्र हे सांगून भागणार नाही. त्या म्हणतील, नातां खरा, पण रवतत खय?

3 नोव्हेंबर

ऑफिसात डबा खाताना हाच विषय. मी कॅथलिक, माझी सहकारी प्रॉटेस्टंट, माहेर कोल्हापूरकडचं. तिच्या मंडळीत शुद्धिस्थान, म्हणजे स्वर्गाआधी आत्म्याने शुद्ध होणं, नाही, मेलेल्यांसाठी प्रार्थना नाही. "मेल्यावर थेट," ती म्हणाली, आणि वधस्तंभावरच्या चोराचा दाखला दिला. येशूने त्याला "आजच" म्हटलं होतं. मी मक्काबींचा दुसरा ग्रंथ पुढे केला, त्यात यहूदा मक्काबी मेलेल्या सैनिकांसाठी अर्पण पाठवतो. "तो ग्रंथ आमच्यात नाही," ती म्हणाली. बरोबर. त्यांच्या बायबलात पुस्तकं 66, आमच्यात 73, भांडण तिथेच मिटलं. तिची सुक्या जवळ्याची चटणी मात्र दोन्ही पंथांना मान्य होती.

मग तिला मी पोप जॉन बाविसावे यांची गोष्ट सांगितली, कारण तिला पोप चुकल्याच्या गोष्टी आवडतात. 1331 मधल्या सर्व संतांच्या सणाला त्यांनी फ्रान्समधल्या आव्हीन्योंत प्रवचन केलं की संतांच्या आत्म्यांना शेवटच्या न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही, तोवर त्यांनी थांबायचं. मोठा गदारोळ उठला. धर्मपंडित उलटले. 1334 च्या डिसेंबरात, मरणाच्या आदल्या दिवशी, म्हाताऱ्याने ते मत मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच काय ते पाहायला गेला. त्यांच्यानंतरच्या पोपनी, बेनेडिक्ट बारावे यांनी, 1336 मध्ये निकाल दिला: शुद्ध झालेल्या आत्म्यांना शेवटच्या न्यायापर्यंत थांबावं लागत नाही, देव आधीच समोरासमोर दिसतो. अजून आमची शिकवण तीच आहे.

11 नोव्हेंबर

2009 ला याच तारखेला फयान चक्रीवादळ आलं होतं. आजही किनाऱ्यावर कुणी ना कुणी ते बोलतंच. होड्या गेल्या, माणसं गेली, काहींची प्रेतंसुद्धा मिळाली नाहीत.

मला आठवते ती मावशी. मासळी विकून चार पोरं मोठी केलेली बाई. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आडाळ्याने कापलेला जुना व्रण, पांढरा, जरा उंचावलेला. पैसे मोजताना नोटेची कड त्यावर घासून ती नोट नवी की जुनी ते बघायची. एका अंत्यविधीच्या मिस्सेत प्रकटीकरणाचं वाचन चाललेलं. नवं आकाश, नवी पृथ्वी, पहिलं सगळं निघून गेलं, "आणि समुद्र राहिला नाही." मावशीने मला कोपर मारलं. "दर्या नाय?"

मी खुणेने गप्प केलं. बाहेर आल्यावर तिने पुन्हा विचारलं, आता जरा चढ्या आवाजात. "वर दर्याच नाय तर माका थंय कित्याक बोलावतत?"

मी तिला शिकवायला बसले. तेव्हा मी नुकताच बायबलचा कोर्स केला होता आणि तो सगळा तिच्यावर ओतला. इस्राएली लोक दर्यावर्दी नव्हते. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे गोंधळ, अंधार, देवाविरुद्ध उसळणारी ताकद. दानिएलाच्या स्वप्नातली चार श्वापदं समुद्रातून निघतात, प्रकटीकरणातलं दहा शिंगांचं श्वापदही तिथूनच. शिवाय रोमची गलबतं, त्यांतला माल, त्यांतले गुलाम, बाबेल नगरी पडल्यावर लांब उभे राहून रडणारे खलाशी. आणि लिहिणारा योहान स्वतः पात्म बेटावर, चारी बाजूंनी पाणी. त्याच्यासाठी समुद्र नसणं म्हणजे सुटका.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. "त्येका दर्यान धरून ठेवल्यान, म्हणान त्येका राग. माका दर्यान खावक घातल्यान."

यावर मला कोर्समध्ये काही शिकवलं नव्हतं. आता वाटतं की पंडितांनी सांगितलेला अर्थ बरोबरच आहे, आणि मावशीचंही बरोबर आहे. योहानाने जे पाहिलं ते त्याच्या किनाऱ्यावरून. आमच्या किनाऱ्यावरून कुणी पाहिलं असतं तर त्याने कदाचित लिहिलं असतं की ट्रॉलर राहिले नाहीत.

पण मावशी त्याच पुस्तकातली दुसरी एक ओळ धरून होती, ती मला फार उशिरा कळली. तिचा धाकटा दीर फयानच्या कितीतरी आधी गेला होता, श्रावणात, नारळी पौर्णिमेआधीच होडी लोटली म्हणून. शोधलं, पण मिळाला नाही. त्याला कबर नाही. मृतांच्या दिवशी मावशी त्याची मेणबत्ती दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी लावायची, जिथे लांब कुठेतरी पुरलेल्यांच्या मेणबत्त्या असतात. मला वाटायचं ती दुसरीकडे जागा नाही म्हणून तिथे लावते. एकदा फादरांना ती विचारताना ऐकलं, "दर्या मेलेल्यांका परत दितलो, असा लिवला हा ना?" फादर म्हणाले, हो, विसावा अध्याय. समुद्राने आपल्यातल्या मेलेल्यांना बाहेर दिलं, मग मृत्यूने आणि अधोलोकाने.

विसावा अध्याय. आणि समुद्र नाहीसा होतो तो एकविसाव्यात! म्हणजे आधी दर्याला सगळा हिशेब चुकता करावा लागतो, एकूण एक माणूस परत करावं लागतं, आणि मगच त्याला जाता येतं. मावशीला हा क्रम कुणी दाखवला होता की तिने आपणच धरला होता कोण जाणे. ती वाचायला शिकलेली नव्हती.

आज देवासमोरच्या समुद्राचंही वाचलं. चौथ्या अध्यायात राजासनापुढे काचेचा समुद्र आहे, स्फटिकासारखा, लाट नसलेला. मला तो फारसा आवडला नाही. लाट नाही तर मासळी कशी येणार?

रविवार, रात्र

आजच्या वर्गात मी मोत्यांच्या वेशी वगैरे काढल्याच नाहीत. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला जाळ्याचा दाखला घेतला. स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे, त्यात सगळ्या जातीचं येतं, भरल्यावर ते किनाऱ्यावर ओढतात, बसून चांगलं भांड्यात भरतात, वाईट फेकून देतात. वाचून संपायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ही तर रापण!"

अर्थात रापणच. होडी अर्धं वर्तुळ करून जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगा मागे रेलून ओढतात. ओढता ओढता दोन रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात. दोराला हात लावणाऱ्याला मासळी मिळते, मग तो सकाळपासून असो की शेवटी धावत आलेला. (पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीच्या जमान्यात मिळते ती केवढी, हे मी वर्गात बोलले नाही, निम्म्या मुलांचे बाप त्याच भांडणात आहेत.) पेडवे, तारले, बांगडे, मध्येच फुगलेला, फेकून द्यायचा केंड, जेलीफिश. ओढणारा ओढताना निवड करत नाही. निवड वाळूवर बसून होते, आणि येशूच्या दाखल्यात तर ती माणसं करतच नाहीत, देवदूत करतात.

मला हे आमच्या चर्चच्या काही बायांना सांगायचंय. कोण स्वर्गात जाणार, कोण नाही, कुणाच्या मुलीने कुणाशी लग्न केलं म्हणून ती यादीतून कटाप. दोर ओढता ओढताच केंड वेचायची घाई.

मग योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायातली न्याहारी सांगितली, आणि वर्ग खऱ्या अर्थाने जागा झाला. मेलेला येशू उठलाय. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकामे. पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभा आहे, म्हणतो उजवीकडे टाका. 153 मोठे मासे, आणि जाळं फाटत नाही. किनाऱ्यावर येतात तर त्याने कोळशाचा विस्तव केलेला, वर मासे, बाजूला भाकर. या, खाऊन घ्या.

मरणापलीकडून परत आलेला एकच माणूस आपल्याला माहीत आहे आणि तो दर्याच्या काठी मासे भाजतो. लूकमध्ये तर शिष्य त्याला भूत समजून घाबरतात तेव्हा तो खायला काही मागतो आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. मिस्सेत आपण दर रविवारी मोठ्याने म्हणतो की मेलेले पुन्हा उठतील. नुसते आत्मे तरंगतील असं नव्हे, शरीरासकट उठतील. पौल म्हणतो, पेरलं जातं ते बी आणि उगवतं ते वेगळंच, पण असतं त्याचंच. येशूने शंका घेणाऱ्या तोमाला आपले हात दाखवले तेव्हा खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. संत ऑगस्टीनने लिहून ठेवलंय की हुतात्म्यांच्या जखमांचे व्रण तिथेही दिसतील, पण कुरूप दिसणार नाहीत. मावशी काही हुतात्मा नव्हे. तरी तिच्या अंगठ्यावरचा तो पांढरा व्रण राहावा असं मला वाटतं, नाहीतर मी तिला ओळखणार कशी?

सहावीतल्या त्या पोराला विचारलं, मग, करणार काय वर जाऊन ते कळलं? त्याने विचार केला. "न्याहारी," तो म्हणाला. वर शंका: तिथे मासा मेलाच नाही तर भाजणार कसा? मरणच राहणार नाही, असं आपणच शिकवलंय ना. मी घंटा वाजवली.

घरी येऊन नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि बांगड्याची तुकडी निवडत होता. मग म्हणाला, लग्नाचं काय? मी पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनी येशूला विचारलेला तो प्रसंग सांगितला, सात भावांची एकामागून एक बायको झालेली ती बाई, आणि येशूचं उत्तर की पुनरुत्थानात कुणी लग्न करत नाही की करून देत नाही. तो "आमेन" म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला. भांडी आज त्याच्याकडे.

वैनींना उद्या न्याहारीची गोष्ट सांगणार आहे. त्या पहिल्यांदा हेच विचारतील की मासे कुठले होते, आणि तेवढं मला शोधून ठेवायला हवं.