‘सवय होईल, मॅडम’

लायसन्सचं झालं, ‘आठ’ काढून झाला, नवी स्कूटर दारात आली. त्यातल्या कशाबद्दलही लिहिण्यासारखं काही नाही. आरटीओत मला कुणी त्रास दिला नाही, हे पुण्यात सांगितलं तर लोक संशयाने बघतात, पण खरं आहे. माझा सगळा राग सीटवर आहे. खरं तर सीटवरही नाही, ती सीट बदलू न देणाऱ्या माणसांवर.

माझी उंची चार फूट दहा इंच. आपल्याकडच्या बायकांची सरासरी उंचीच पाच फुटांच्या आसपास, म्हणजे मी काही जगावेगळी नाही. तरी ‘लेडीजसाठी एकदम बेस्ट’ म्हणून विकलेल्या गाडीवर बसलं की माझे नुसते चवडे टेकायचे, तेही जेमतेम. सिंहगड रोडच्या सिग्नलला शेजारी पीएमपीची बस येऊन थांबली की पोटात गोळा यायचा. गाडी चालायला लागली की काही प्रश्न नाही. प्रश्न थांबल्यावरचा.

गाडी नवीन, ११० सीसीची, वजन १०५ किलोच्या आसपास. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या बाबतीत सगळ्या सारख्याच. घेण्याआधी मी ब्रोशरमधली सीटची उंची बघितली होती, सगळेच बघतात. त्या आकड्यावर फार जाऊ नका. उदाहरणार्थ, अ‍ॅक्टिवा ६जीची सीट ७६४ मिलिमीटर आणि माझ्या मावशीच्या जुन्या स्कूटी पेप प्लसची ७६८. कागदावर पेप उंच, पण पेपवर माझे पाय जास्त टेकतात. मी मावशीच्या पार्किंगमध्ये शिवणाची टेप घेऊन बसले तेव्हा कारण सापडलं (याचा मला अजून अभिमान आहे). पेपची सीट पुढे निमुळती आहे, पाय सरळ खाली जातात. माझ्या गाडीची सीट पुढे पाटासारखी रुंद, मांड्या फाकतात आणि तिथेच उंची खर्च होते. शिवाय फ्लोअरबोर्ड रुंद असला तर पायाला त्याला वळसा घालून खाली जावं लागतं. तेव्हा शोरूममध्ये टेप न्या आणि सीटची पुढची रुंदी मोजा. आणि हो, गाडी डबल स्टँडवर असताना बसून बघू नका, शोरूममध्ये बहुतेक तशीच उभी करून ठेवलेली असते. स्टँडवरून काढायला लावा, घरी घालणार तीच चप्पल घालून बसा.

तर मला हवं होतं एवढंच, की सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी थोडा तासून द्यावा. मी गेले जिथून गाडी घेतली तिथे. सेल्सवाला मुलगा म्हणाला, “सवय होईल, मॅडम.” मी म्हटलं, उंचीची सवय होत नसते, चाळीस वर्षं बघतेय. तो हसला आणि म्हणाला, सर्व्हिसला विचारा. सर्व्हिस मागच्या बाजूला, टोकन घ्यायचं, बसायचं, टीव्हीवर त्याच गाडीची जाहिरात. अ‍ॅडव्हायझरने माझं म्हणणं जॉबकार्डवर लिहिलं: ‘सीट प्रॉब्लेम’. संध्याकाळी गाडी धुऊन, चेन नसलेल्या गाडीची ‘चेन चेक’ अशी खूण करून परत. सीट होती तशी.

पुन्हा गेले. आता दुसरा अ‍ॅडव्हायझर. “असं करता येत नाही, वॉरंटी जाते.” कशाची वॉरंटी? इंजिनची? फोम तासला तर इंजिनचं काय बिघडतं? “पॉलिसी आहे.” मग ती लेखी द्या. “कंपनीला मेल करा.” केला. उत्तर आलं, नम्र आणि इंग्रजीत, की जवळच्या डीलरशी संपर्क साधावा. मी तो मेल छापून जवळच्या डीलरकडे, म्हणजे याच माणसांकडे, घेऊन गेले. वर्क्स मॅनेजर जेवायला गेले होते. ते आल्यावर त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही, माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि विचारलं, “मिस्टर चालवत नाहीत का?”

त्या वाक्यानंतर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण बाकीच्यांनी दिलेले सल्ले लिहिते, कारण तुम्हालाही मिळतील: जाड टाचांचे सँडल घाला, दुसरी गाडी बघा, थोडं वजन वाढवा (गाडी दबेल म्हणे). सोमवारी सीनियर येतील. सोमवारी सीनियर रजेवर. मधल्या काळात मी रोज ऑफिसला जात होतेच, चवड्यांवर.

सगळ्यात चीड कसली, तर यातल्या एकालाही ‘नाही’ म्हणायचं नव्हतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी सुटले असते. शेवटी सुटका झाली ती स्पेअर पार्ट्सच्या काउंटरवरच्या मुलीमुळे, ती माझ्याहूनही दोन बोटं बुटकी. तिने हळूच सांगितलं, मॅडम, एक सुटी सीट विकत घ्या आणि ती तासून आणा. ओरिजिनल घरी ठेवा. वॉरंटीचं कुणी काढलं तर परत बसवा, दोन नटांचं तर काम आहे. एवढं साधं! वरच्या मजल्यावरच्या टायवाल्यांपैकी कुणालाही सुचलं नाही, किंवा सुचवायचं नव्हतं.

सीट घेऊन नाना पेठेत गेले. तिथे दुचाकीच्या सामानाच्या दुकानांची रांगच आहे, त्यांच्यात सीट शिवणारेही आहेत. काकांनी आधी गाडीवर बसायला लावलं, मांडीची आतली बाजू घासते तिथे खडूने खुणा केल्या, मग रेक्झिन उचकटून फोम कापला. तुम्ही गेलात तर उंची फार कमी करायला सांगू नका. फोम पातळ झाला की खालचं प्लास्टिक माकडहाडाला लागतं आणि नवले पुलापर्यंत जाईस्तोवर जीव नको होतो. बाजू तासायची, वरून थोडंच. रेक्झिन खरबरीत घ्या, गुळगुळीत घेतलं तर ब्रेक मारला की पुढे घसरता. आणि रेक्झिनच्या खाली प्लास्टिकचा कागद घालायला सांगा, नाहीतर जूनमध्ये शिवणीतून पाणी मुरतं आणि ओल्या सीटचा डाग कपड्यांवर मिरवत ऑफिसात जावं लागतं.

संध्याकाळी दोन्ही तळवे निम्मे टेकले. पूर्ण नाही, पण निम्मे पुरतात. मी मुद्दाम शोरूमवरून गाडी घेऊन गेले, कुणी बघितलं नाही.

मागच्या शॉकअपला (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगला) टप्पे असतील तर सगळ्यात मऊ टप्प्यावर ठेवा, हे आधी सांगायला हवं होतं, हे फुकट आहे. एकटी आणि हलकी व्यक्ती बसली तरी गाडी थोडी दबते.

सिग्नलला दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोडा. आपल्या या बिनगिअरच्या स्कूटरला पायाचा ब्रेक नाही, त्यामुळे कुठलाही एक पाय खाली चालतो. थांबता थांबता सीटवरून पुढे सरकायचं, एक पाय फ्लोअरबोर्डवर, एक जमिनीवर. रस्त्याला पाणी वाहून जायला कडेकडे उतार असतो, म्हणून डाव्या कडेला थांबलात तर डावा पाय आणखी खोल जातो. एक तर फूटपाथच्या कडेवर पाय टेकेल इतकं चिकटून थांबा, नाहीतर अगदी कडेला जाऊच नका.

डबल स्टँड हा ताकदीचा मामला नाही, सोसायटीचे वॉचमन काहीही म्हणोत. डावा हात हँडलला, उजवा मागच्या कॅरियरच्या दांडीला. उजव्या पायाने स्टँड दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले की नाही ते बघायचं, एकच लागला असेल तर गाडी कलते. मग उचलायचं नाही, स्टँडच्या दांडीवर चक्क उभं राहायचं, सगळं वजन तिथे. तरी जमत नसेल तर मागचं चाक आधी एका पातळ फळीवर चढवा. माझी फळी पार्किंगच्या खांबामागे असते.

मागे कुणी बसणार असेल तर आधी आपला पाय रोवायचा, मग त्यांना ‘बस’ म्हणायचं. माझी आई साडीत एका बाजूला बसते, सगळा भार डावीकडे, तेव्हा मी डावा पाय घट्ट ठेवते. ती बसली की गाडी दबते आणि मला उलट सोपं जातं. अडचण उतरताना आहे. ती न सांगता, गाडी पुरती थांबायच्या आत उतरते. त्यावर नाना पेठेतही उपाय मिळाला नाही.