आमची वाटचाल : छावणीच्या कमान्यांपासून कोंगडोरीच्या बर्फापर्यंत

इंदुरात बर्फावरच्या गाडीचं काम कुणी केलं असं सांवेर रोडवर विचारा, दहातले नऊ जण माझ्या शेडसमोरच्या, माझ्या जुन्या भागीदाराच्या शेडकडे बोट दाखवतील. त्यांच्या फ्लेक्सवर फोटोच आहे तसा : लाल गाडी, पुढे दोन स्की, खाली बर्फाचा थर. तो बर्फ काश्मीरचा नाही. बर्फखान्यातून आठ लाद्या आणून आम्हीच घणाने फोडला होता. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात जी चप्पल दिसते, ती माझी.

बाबांचं इंदूरच्या छावणी भागात कमान्यांचं, म्हणजे गाड्यांच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचं दुकान होतं. ट्रकचे पाटे तापवायचे, वाक द्यायचा, तेलात विझवायचे. मी आणि माझा एक मित्र 1998 साली शॉकअपच्या कामात उतरलो. मित्राचं डोकं तेज. सियागंजातून भंगारातला गिअरबॉक्स आणून त्याने शॉकअप तपासायचं यंत्र उभं केलं, खाली जोर मोजणारा सेल बसवला, आणि किती वेगाला किती जोर लागतो ते आम्ही वहीत उतरवायला लागलो. तेव्हा आसपास कुणी तसं करत नव्हतं, सगळे हाताने दाबून "चांगला आहे" म्हणायचे. हे त्याचं श्रेय आहे आणि मी ते कधी नाकारलेलं नाही.

2011 साली वाटणी झाली. कारण लिहीत नाही, दोन्ही घरांत अजून लग्नकार्याला बोलावणी जातात. ते यंत्र, नायट्रोजनचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि दाबयंत्र त्याच्याकडे गेलं. माझ्याकडे राहिला तो बाबांचा शिकंजा. स्प्रिंग दाबायचे शिकंजे बाजारात आता हजार-दोन हजारांत मिळतात, त्यांचे दात दोन वर्षांत झिजतात आणि स्प्रिंग एक दिवस कपाळावर येते. बाबांच्या शिकंज्याचे दोन्ही स्क्रू चौकोनी आट्यांचे, लेथवर स्वतः कापलेले, आणि नख्या ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलेल्या. हात फिरवला की आटे कुठे सुरू होतात ते डोळे मिटून कळतं. धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो : भाडं थकलं तरी चालेल, पण स्वतःचं व्हर्नियर आणि डायल गेज, ही मापाची हत्यारं, आधी घ्या, आणि शिकंजा कुणाला उसना देऊ नका. आटे पाडायच्या टॅपचा सेट तर सख्ख्या भावालाही नाही.

वाटणीनंतरची दहा वर्षं काम होतं, ते केलं.

कर्नलसाहेबांबद्दल मात्र लिहायला हवं. मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्तीनंतर महूलाच घर बांधलं. त्यांची जिप्सी माझ्याकडे यायची. जिप्सीला चारही बाजूंना पाट्यांच्या कमान्या, बसणाऱ्याच्या मणक्याची परीक्षाच. मी त्यांना पाटे कमी करून, शॉकअपच्या आतल्या पातळ चकत्यांची रास बदलून दिली. "पहिल्यांदा चहा न सांडता महू ते इंदूर आलो रे," म्हणाले. त्यानंतर किरकोळ बुश बदलायचा असला तरी माझ्याकडेच येत आणि बाकावर बसून पोहे खात.

नोकरीत असताना ते गुलमर्गच्या सैन्याच्या शाळेत होते. तिथल्या एका ओळखीच्या माणसाचा मुलगा पर्यटकांना स्नो स्कूटरवर फिरवायचा, आणि त्याने स्वतःसाठी एक डोंगरी टर्बो गाडी मिळवली होती. कारखान्यातूनच टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लावून आलेली टू-स्ट्रोक बर्फगाडी ही नवलाईचीच गोष्ट. बर्फगाड्यांच्या ब्रँडांपैकी स्की-डूने 2020 च्या मॉडेलला पहिल्यांदा ती दिली, पोलारिसची 2022 च्या मॉडेलला आली. उंचावर टर्बोचं महत्त्व काय ते गुलमर्गला कळतं : गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, जिथे शेवटी सोडतो तिथली उंची जवळपास चार हजार मीटर, हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे 60 टक्के. साधं इंजिन तिथे धापा टाकतं, टर्बोचं टाकत नाही.

त्रास वेगळाच होता. चढावर थ्रॉटल दिला की गाडी नाक वर करायची. या गाडीला मागे चाकांऐवजी फिरता पट्टा असतो, आणि तो ज्याभोवती फिरतो तो मागचा सांगाडा. टर्बोचा जोर पट्ट्यात उतरला की हा सांगाडा खाली बसतो आणि स्की हवेत. पोरांना ते आवडतं, व्हिडिओ चांगला येतो. पण हा मुलगा अडकलेल्या पर्यटकांना काढायला जायचा, आडव्या उतारावर त्याला स्की बर्फात हवी होती. त्याच्या गाडीचा मागचा सांगाडा सुटा, म्हणजे पुढचा दांडा आणि मागचा दांडा आपापल्या मर्जीने हलणारे. त्याला जोडलेला हवा होता, ज्यात एक दांडा ठरावीक हलला की दुसऱ्याला ओढतो आणि मागचं बूड फार बसू देत नाही. त्याच्याकडे जुन्या, टर्बो नसलेल्या, मोडक्या गाडीचा तसा सांगाडा पडून होता. "एवढंच बदलायचं आहे," कर्नलसाहेब म्हणाले. मी अडीच लाख ॲडव्हान्स घेतला. तिथेच चुकलो.

2022 च्या सप्टेंबरात गाडी आली. काश्मीरचं सफरचंद चोइथराम मंडीत येतं, त्याच ट्रकात पेट्यांच्या मागे तिला बांधून पाठवलं होतं. आठ दिवस शेडमध्ये सफरचंदांचा वास.

जाणकारांना सांगायला नको, पण सांगतो. टर्बो गाडीचा पट्टा 165 इंची, तीन इंची पिचचा (पिच म्हणजे दात बसायच्या दोन घरांमधलं अंतर), म्हणजे 55 घरं. जुन्या सांगाड्याबरोबर आलेला पट्टा 163 इंची, 2.86 पिचचा, 57 घरं. टर्बो गाडीच्या ड्रायव्हरचे, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे, दात तीन इंची घराला बसतात, तेव्हा जुना पट्टा गेला कोपऱ्यात. पट्टा गाडीचाच ठेवायचा, तर दोन इंचांचा फरक म्हणजे सांगाड्याची रेल (जिच्यावरून पट्टा सरकतो) एक इंचाने आखूड. अर्धा इंच ताण-बोल्टाने मिळाला, उरलेल्या अर्ध्यासाठी रेलच्या शेपटाला पट्टी जोडली आणि मागचा आस सरकवला. हे काम सुंदर झालं, आजही म्हणतो.

शॉकअप खोलून नवी सील, नवं पातळ तेल, वर नायट्रोजन. साधी हवा भरणारे लोक आहेत, हवेत ओल असते आणि थंडीत ती काय करते ते त्यांनी एकदा बघावं. आमच्या इंदुरात उणे पंधरा कुठून आणायचं? सराफ्यातल्या ओळखीच्या कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये शॉकअप रात्रभर ठेवले, सकाळी घाईने आणून हाताने दाबून बघितले. दोन दिवस कुल्फीवाला विचारत होता, "भिया, इसमें बम तो नहीं है?"

राहिली भोकं. सांगाडा चार बोल्टांवर टनेलला लटकतो, आणि टनेल म्हणजे पट्ट्यावरचं छत, पातळ अल्युमिनियमचा पत्रा. त्यात एकदा भोक पडलं की पडलं. मी जुन्या गाडीच्या टनेलच्या खालच्या कडेपासून अंतरं मोजली आणि तीच इकडे आखली. मोजायला हवी होती ड्रायव्हरच्या आसाच्या मध्यापासून. दोन्ही टनेलांची बाजू सारख्या उंचीची नव्हती. भोकं 12 मिलिमीटर वर पडली.

शॉकअप काढून सांगाडा हाताने वरपर्यंत दाबला असता, तर तेव्हाच कळलं असतं. ते केलं नाही, कारण ट्रकवाला परत निघाला होता आणि आम्हाला गाडी सुरू करून बघायची होती. ही गाडी कोरडी चालवता येत नाही : रेलखालची प्लास्टिकची पट्टी बर्फानेच गार राहते, नाहीतर वितळते, आणि टनेलच्या छताला लागलेला रेडिएटरही उडणाऱ्या बर्फानेच थंड होतो. म्हणून त्या आठ लाद्या. सगळा सांवेर रोड जमला होता, कुणी मोबाईलवर चित्रण करत होतं, आणि माझा जुना भागीदारही हात बांधून उभा होता. गाडी तीन मिनिटं गरजली. टाळ्या पडल्या. त्याने फोटो काढला.

डिसेंबरच्या शेवटी गुलमर्गहून फोन आला. कोंगडोरीच्या, म्हणजे गोंडोलाच्या मधल्या थांब्याच्या, वर उंचवट्यावरून गाडी खाली आपटली, सांगाडा पूर्ण दबला आणि पट्ट्याचे दात छताच्या रेडिएटरला घासून गेले. कूलंट सांडून बर्फावर हिरवी रेघ. ऐन हंगामात गाडी उभी.

पुढचे काही आठवडे मी लिहितो ते कर्नलसाहेबांना ठाऊक आहेत म्हणूनच. ॲडव्हान्स खर्च झालेला. मोटरसायकलवाल्यांची कामं त्या चार महिन्यांत मी परत पाठवली होती, ती समोर गेली. मग दोन पोरंही समोर गेली, एकाला मी सोळाव्या वर्षी हातात पाना दिला होता. बँकेचा माणूस दर सोमवारी येऊन पंख्याखाली बसायचा. आणि समोरून बातमी फिरली, की मला साधं माप घेता येत नाही. बातमी खोटी नव्हती, हेच जास्त लागलं. त्या दिवसांत कर्नलसाहेब जिप्सी घेऊन आले, म्हणाले, "तेल बदल." तेल महिन्यापूर्वीच बदललं होतं. मी तसं सांगितलं. "मग पुन्हा बदल," म्हणाले आणि दुपारपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसून राहिले.

जानेवारीत मालवा एक्सप्रेसने जम्मूला, पुढे रस्त्याने श्रीनगर, टंगमर्ग, गुलमर्ग. बॅगेत चार मिलिमीटरच्या अल्युमिनियमच्या चार पट्ट्या, रिव्हेट, गेज आणि शिकंजा. तपासणीत शिकंज्याला तीनदा अडवलं. नवं भोक जुन्याच्या 12 मिलिमीटर खाली, दहाचा बोल्ट, म्हणजे दोन भोकांमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर पत्रा. त्याच्यावर काहीच पेललं नसतं. म्हणून आतून-बाहेरून पट्ट्या लावून ताण पसरवला. रेडिएटर श्रीनगरला टिग वेल्डिंग करून घेतला. या वेळी आसाच्या मध्यापासून मोजलं, त्या मुलाकडून मोजून घेतलं, मग पुन्हा मी. शॉकअप काढून सांगाडा वरपर्यंत दाबला, पट्टा आणि छत यांत दोन बोटं जात होती. शेवटी लिमिटर पट्टी एक भोक आखडली, म्हणजे पुढचा दांडा फार खाली लोंबत नाही आणि नाक उचलायला त्याला जागा उरत नाही.

मुलाने चढावर पूर्ण थ्रॉटल दिला. स्की बर्फातच राहिली. तो वरून परत आला, हेल्मेट काढलं आणि माझ्याशी न बोलता आधी वडिलांना फोन लावला. त्यांच्या भाषेतलं मला काही कळलं नाही, पण "इंदौर" हा शब्द दोनदा आला.

राहिलेले पैसे मिळाले. पोरं दुसरी आली. काम चालू आहे.

फ्लेक्स मात्र मार्चमध्ये लागला. मी समोर गेलो आणि त्याला म्हटलं, "फोटो माझ्या शेडमधला आहे." तो म्हणाला, "फोटो मी काढलाय." यावर काय बोलणार? चहा पिऊन आलो. त्याच्या मते अशा कामाची हिंमत लोकांना त्या 1998 च्या यंत्रामुळे आली, तेव्हा फोटोवर त्याचा हक्क आहे. रात्री कधीकधी वाटतं, त्यात थोडं तथ्य असेल. सकाळी शटर उघडलं आणि तो फ्लेक्स दिसला की वाटत नाही.

माझ्या भिंतीवर पत्र्याचा साचा टांगलेला आहे, त्याला प्रत्येक बाजूला दोन-दोन भोकं, एकावर खडूने फुली. विचारलं तर सांगतो, न विचारता नाही.

गेल्या महिन्यात समोरून पोरगा आला. तोच, ज्याला मी पाना दिला होता. दाराशीच उभा राहिला, आत येईना. "काका, मोठी स्प्रिंग आली आहे, आमच्या शिकंज्याचे दात गेलेत. दोन दिवस द्याल का?" मी काढून दिला. आज अकरावा दिवस आहे.