तीन शेर तूप

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोपायला हवं खरं तर, पण आजचं आजच लिहून ठेवते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांचं पत्र सापडलं, जुन्या मोडी लिपीत. घरात कोणाला वाचता येईना, आईला तर ते डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शनच वाटलं. मग मैत्रिणीने मोडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अॅड केलं. पन्नासेक जण असतील फार तर. एक रिटायर्ड तलाठी आहेत, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, एक नर्स आहे जी नाइट ड्युटीला असली की रात्री दोनला उत्तरं देते, आणि तंजावरचा एक मुलगा, त्याच्या मराठीला मस्त तमिळ हेल आहे. त्यांच्याकडे सरस्वती महाल लायब्ररीत अजून ढीगभर मोडी कागद पडलेत म्हणे, म्हणून शिकतोय.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची नि मग तिला अक्षरं टांगत जायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, शब्द तर तोडतच नाहीत, सगळं एकाला एक चिकटलेलं. युनिकोडमध्ये मोडी २०१४ लाच आली पण माझ्या फोनवर नुसते चौकोन दिसतात, त्यामुळे आम्ही आपले वहीवर लिहून फोटो टाकतो.

तर मी मोठ्या ऐटीत टाकलं, पणजोबांनी लग्नासाठी तीनशे रुपयांचं तूप मागवलंय! शके १८३८ म्हणजे १९१६ साल, तीनशे रुपयांत तेव्हा गावजेवण झालं असतं. पाच मिनिटं ग्रुप गप्प. मला वाटलं आता होतोय उद्धार. (ऑफिसच्या ग्रुपवर झालाच असता, स्टिकरसकट.) मग भाऊसाहेबांचा व्हॉइस नोट, "ताई, र मागच्या शब्दाला जोडून बघा, तीन शेर." आणि लगेच दुसरा, नोकरीत नवीन असताना त्यांनी एका फेरफारात बांधाच्या जागी बंधू वाचला होता नि साहेबांसमोर तो भाऊ शोधत बसले होते. त्यानंतर एकेकाने आपापली फजिती सांगायला सुरुवात केली, रात्री नर्सबाईंनीही सांगितली, मी अंधारात एकटीच हसत होते.

आज शेवटची ओळ लागली, "बहुत काय लिहिणे". तंजावरच्याने ती सगळ्यात आधी वाचली.

आता सगळे माझ्या मागे लागलेत, ताई, तूप पोचलं का नाही ते बघा. उद्या परत ट्रंक उतरवायची आहे, आई ओरडणार.