परीक्षक झालो, पण 'हो' दाबलं आणि अडकलो

मालिकांच्या एका पुरस्कारासाठी परीक्षक व्हाल का, असं विचारलं तेव्हा लगेच होकार दिला. गोपनीयतेची सही, लॉगिन, विभाग ठरवणं, सगळं झटपट उरकलं. घोडं अडलं ते हितसंबंधांच्या घोषणापत्रावर.

प्रश्न एकच: स्पर्धेतल्या एखाद्या मालिकेशी तुमचा संबंध आहे का? खाली दोनच पर्याय, 'हो' आणि 'नाही'. मी संकलक. यादीतल्या एका मालिकेचा प्रोमो मी कधीकाळी कापला होता. एपिसोडला हातही लावला नव्हता. 'हो' दाबलं आणि अख्खा विभाग लॉक! ती एक मालिका नव्हे, सगळ्याच. मेल केला, तर 'समितीकडे पाठवलं आहे'. समितीत कोण, ते सांगेनात. फोन केला, तर म्हणे मेल करा. एकानं हळूच सुचवलं, "नाही टाका ना सर, कोण बघतंय?" तिथं माझं डोकंच फिरलं. इतरांना गुण द्यायचे आणि स्वतःची पहिलीच सही खोटी? मुदत संपत आली तेव्हा कुठे निरोप आला: त्या मालिकेला गुण देऊ नका, बाकीच्या बघा, तिची सरासरी उरलेल्या परीक्षकांच्या गुणांवरून काढू. एवढंच करायचं होतं तर फॉर्मवर तिसरा पर्याय द्यायला काय झालं होतं?

तेव्हा लॉगिन मिळालं की आधी घोषणापत्र भरा आणि उत्तर लेखीच घ्या.

पुढचं काम मजेचं. पहिल्याच एंट्रीला नऊ देऊन बसू नका, नंतर खरंच भारी काही आलं तर जागा उरत नाही. मालिका आधी टीव्हीवर पाहिली असेल तर ते विसरा; पाठवलेल्या एपिसोडलाच गुण. अमेरिकेतल्या एमी या टीव्ही पुरस्कारांतसुद्धा मालिकेतल्या अभिनयाचं नामांकन मिळालेला कलाकार एकच एपिसोड पुढे करतो. आम्ही आपापल्या घरी बसून गुण दिले. ब्रिटनच्या बाफ्टा टीव्ही पुरस्कारांच्या ज्युरीत आधी चर्चा होते, मग गुप्त मतदान. मला ती पद्धत पटते, फक्त चर्चेत मोठ्या आवाजाचा कुणी नसावा.

आणि हो, हेडफोन लावा. ध्वनीच्या विभागाला लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून गुण देणारे महाभाग मी पाहिलेत.